काय धरतात

वैराळकर बाईंच्या टेबलावर माझी नोंदवही,
कडेला ग्रीसचा अंगठा, मधल्या पानावर चहाचं एक कडं.
बाई पेन उघडत नाहीत, नुसतं टोपण फिरवतात.
"आतार, हे नाही धरता येणार."

नाना पेठेतली सात वर्षं नाही धरता येणार.
अब्बांच्या बाकड्याखाली बसून
स्कूटरच्या कार्बोरेटरचे जेट फुंकले,
आवाजावरून सांगायचो टॅपेट सैल आहे
की गिऱ्हाईक उगाच घाबरलंय.
या हातांना वळण तिथलंच.
पण स्कूटर उडत नाही.

कॉलेजच्या आवारातलं विमानही उडत नाही.
रंग गेलेला, शेपटीत साळुंक्यांचं बिऱ्हाड.
त्याचं इंजिन आम्ही अकरा वेळा उतरवलं, अकरा वेळा चढवलं,
बारकाव्यांवरून भांडलो, एकदा तर जेवलो नाही.
बाई म्हणतात, ते शिक्षणात गेलं.
अनुभव म्हणजे
जे सकाळी खरी माणसं घेऊन जाणार
त्याला लागलेला हात.

मग लोहगाव. रात्रपाळी.
धानोरीच्या खोलीतून साडेनऊला सायकल,
डबा हँडलला, कानटोपी खिशात.
शेवटचं विमान लागतं तेव्हा ब्रेक तापलेले असतात,
जवळ गेलं की नडग्यांना शेक.
चाक बदललं: धरा.
ब्रेकची झीज मोजली: धरा.
तेल पाहिलं, टाकलं, किती टाकलं ते लिहिलं: धरा.
लॉकिंग वायरला पीळ दिला. उलटा बसला.
मस्करेन्हस साहेबांनी तो कापून माझ्या खिशात घातला,
"घरी ने, उशाशी ठेव."
दुसरा सुलटा बसला.
फक्त दुसरा धरा.

एका रात्री दहाचा सॉकेट मिळेना.
पेटीतल्या फोमला दहाची खाच, खाचेत काही नाही.
सगळे गुडघ्यांवर, विजेऱ्या जमिनीला लावून,
कुणी कुणाशी बोलत नाही.
सॉकेट माझ्याच पँटच्या दुमडीत निघाला.
मी हात वर केला, शाळेत करतात तसा.
विमान चाळीस मिनिटं उशिरा गेलं,
आतल्या कुणाला कधीच कळलं नाही कशासाठी.
याला वहीत रकाना नाही.

"आणि ही सतरा तारीख?"
बाईंचं बोट थांबतं.
"पुढच्या चाकाचं स्टिअरिंग. साहेबांची सही आहे. तू केलंस?"

साहेबांच्या निवृत्तीला तेव्हा नऊ दिवस उरले होते.
पहाटे त्यांनी साऱ्या पोरांच्या वह्या मागवल्या,
सह्या करत सुटले, लग्नात अक्षता टाकाव्यात तशा.
काम त्यांनीच केलं होतं.
मी खाली उताणा, दोन तास,
त्यांचा पाना जाईल तिथे माझा उजेड,
सांगावं लागलं नाही एकदाही.
दंड इतका भरून आला की सकाळी चहाचा कप डाव्या हातात.

"धरली होती," मी म्हणालो.
"काय?"
"बॅटरी."

बाई हसल्या नाहीत.
पट्टी लावून एक सरळ रेघ मारली,
रेघेशेजारी माझी सही घेतली.
खोडलेल्या ओळीखाली
माझी सही पहिल्यांदाच इतकी सुवाच्य आली.
मग त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली.
"सव्वीस दिवस कमी पडतात.
फॉर्म आज घेत नाही."

फाटकाबाहेर टपरीवर उभा होतो, तेवढ्यात अब्बांचा फोन.
झालं का?
राहिलंय थोडं.
किती?
सांगितलं.
पलीकडे कुणीतरी किक मारत होतं, इंजिन पकडत नव्हतं,
आणि मला इथून कळत होतं काय बिघडलंय.
"अरे, सव्वीस दिवस म्हणजे—"
अब्बा म्हणाले, आणि डोक्यावरून फायटर गेलं.

लोहगावात फायटर गेलं की
माणसं वाक्य अर्ध्यावर धरून ठेवतात,
चहावाला किटली, रिक्षावाला सुट्टे पैसे.
मीही फोन कानाशी धरून उभा,
आवाज ओसरायची वाट बघत.